नऊ डॉलरची पॉलिसी घ्यावी की एकोणीसची?

प्रश्न : आम्ही दोघं नुकतेच नोकरीसाठी न्यू जर्सीत आलो. एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये वन बेडरूम अपार्टमेंट मिळालंय, पण किमान एक लाख डॉलर लायबिलिटी असलेला रेंटर्स इन्शुरन्स (भाडेकरूचा विमा) दाखवल्याशिवाय किल्ली मिळणार नाही असं लीझिंग ऑफिसने सांगितलं. ऑनलाइन चौकशी केली तर एका कंपनीने महिना ९ डॉलर सांगितले, दुसरीने १९. लीझिंग ऑफिस म्हणतं, आमच्या योजनेत या, १४ डॉलर भाड्यातच लावून देतो. नवरा म्हणतो, ‘आपल्याकडे चोरीला जाण्यासारखं आहे काय? सगळ्यात स्वस्त घे आणि मोकळी हो.’ मला मात्र लग्नातल्या दागिन्यांची काळजी आहे, ते मी सोबत आणलेत. दिवाळीनंतर सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांना घरात काही दुखापत झाली तर हाच विमा चालेल का? आणि मुळात हा खर्च ठरतो कशावर, आमच्यासारख्यांनी किती धरावा?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : चौदा डॉलरपासून सुरुवात करते, कारण त्या पैशांत तुम्हाला विमा मिळतोय का, हेच आधी बघायला हवं.

मोठ्या कॉम्प्लेक्सचे मालक अशा ज्या योजना चालवतात, त्यातल्या बऱ्याच मालकाच्या इमारतीचं संरक्षण करण्यासाठी असतात. तुमच्या हातून आग लागली, बाथटब भरून वाहिला, तर इमारतीच्या नुकसानीचे एक लाखापर्यंत तुमच्याकडून मागायचे नाहीत, एवढंच त्यात ठरलेलं असतं. तुमचा सोफा, कपडे, लॅपटॉप यांचा एक पैसाही त्यात नसू शकतो. घर राहण्याजोगं उरलं नाही तर हॉटेलचा खर्च नाही, शेजाऱ्याच्या सामानाची भरपाई नाही. काही योजनांमध्ये सामानासाठी थोडी रक्कम जोडलेली असते, म्हणून सरसकट वाईट म्हणत नाही. ऑफिसला एकच प्रश्न ईमेलवर विचारा : ‘यात माझ्या सामानाला किती रकमेचं संरक्षण आहे?’ उत्तर ‘शून्य’ आलं, किंवा गोलमोल आलं, तर हा पर्याय सोडून द्या. लीजमध्ये विम्याची अट असते. तो त्यांच्याचकडून घ्या अशी अट सहसा नसते, तरी लीजमधला तो परिच्छेद एकदा वाचून घ्या.

आता राहिले नऊ आणि एकोणीस. हे आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही, कारण ते एकाच गोष्टीचे भाव नाहीत. प्रत्येक कोटमध्ये, म्हणजे कंपनीने भाव सांगितलेल्या कागदात, चार गोष्टी शोधा : सामानासाठी किती रक्कम धरली आहे, भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने मिळेल की जुन्या, डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आधी तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, किती आहे आणि लायबिलिटी, म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी भरेल ती रक्कम, किती. माझा अंदाज, नऊवाल्या कोटमध्ये सामानाला दहा हजार, जुन्या किमतीने भरपाई, हजाराचं डिडक्टिबल आणि लायबिलिटी एक लाख असं काहीसं असेल. एकोणीसवाल्यात सामानाला पंचवीस हजार, नव्या किमतीने भरपाई, पाचशेचं डिडक्टिबल आणि लायबिलिटी तीन लाख. तुमच्या कोटवर वेगळे आकडे असतील तर ते धरा, पण तुलना या चार ओळींचीच करा. दोन्ही कंपन्यांच्या साइटवर चारही आकडे सारखे टाकून पुन्हा कोट काढलात, तर दहा डॉलरचा फरक दोन-तीन डॉलरवर आलेला दिसेल असं मला वाटतं.

भाव एकूण बरा की वाईट हे कळण्यासाठी एक मोजपट्टी देते. अमेरिकेतल्या राज्यांच्या विमा नियामकांची एनएआयसी नावाची संघटना आहे. तिच्या आकडेवारीत २०१७ ते २०२१ या वर्षांत रेंटर्स पॉलिसीचा देशभरातला सरासरी प्रीमियम वर्षाला १७० ते १८० डॉलरच्या दरम्यान होता, म्हणजे महिन्याला चौदा-पंधरा. त्यानंतर महागाई वाढली. तरीही भाडं, वीज, फोन यांच्या बिलांसमोर हा आकडा किरकोळच आहे. मिसिसिपी, लुइझियाना, ओक्लाहोमा अशा वादळांच्या राज्यांत तो बराच वर जातो, तर नॉर्थ डकोटासारख्या ठिकाणी खूप खाली.

राज्याखेरीज कंपनी काय बघते? तुमचा झिप कोड, इमारत लाकडी आहे की काँक्रीटची, छतात स्प्रिंकलर (आग लागली की पाणी फवारणारे नळ) आहेत का, अग्निशमन केंद्र किती लांब, त्या भागात चोऱ्या किती. यातलं तुमच्या हातात काही नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवू नका. तुमचे आधीचे क्लेमही बघतात. त्यांची नोंद सात वर्षांपर्यंत एका सामाईक अहवालात राहते आणि कंपन्या तो मागवतात. तुम्ही नवे आहात, तुमची पाटी कोरी आहे. क्रेडिटचं, म्हणजे कर्ज आणि बिलं तुम्ही कशी फेडता त्याच्या नोंदीचं, मात्र लक्षात ठेवा. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड अशा मोजक्या राज्यांत विम्यासाठी ते वापरायला बंदी आहे, पण न्यू जर्सीत विमा कंपन्या क्रेडिटच्या इतिहासावरून काढलेला गुणांक वापरू शकतात. तुमचा इतिहास अजून तयारच झालेला नाही, आणि कोऱ्या फाइलकडे प्रत्येक कंपनी वेगळ्या नजरेने बघते. म्हणून दोनच कोटांवर थांबू नका, आणखी दोन काढा. वर्षभराने पॉलिसी नूतनीकरणाला आली की नव्या क्रेडिटवर पुन्हा हिशेब करा असं त्यांना सांगा. आपण होऊन ते करतीलच असं नाही.

आता तुमच्या नवऱ्याचं म्हणणं. ‘आपल्याकडे आहे काय’ हे नव्याने आलेला जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे फक्त टीव्ही आणि लॅपटॉप असतो. त्यांना एका संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ चालू करून घरभर फिरायला सांगा. प्रत्येक कपाट उघडायचं, प्रत्येक खण ओढायचा, आणि ही वस्तू आज दुकानातून नवी आणायची तर किती पडेल ते तोंडाने बोलत जायचं. दोघांच्या संसारात फोन, टॅब, टीव्ही आणि एक स्वतःचा लॅपटॉप मिळून चार हजार सहज होतात. पलंग, गादी, सोफा, टेबल-खुर्च्या साडेतीन हजार. कपड्यांशी आले की नवरे गप्प होतात : थंडीचे कोट, बूट, ऑफिसचे कपडे, साड्या, सुटकेसेस हे सगळं नव्याने घ्यायचं तर पाच हजारही कमी पडतील. स्वयंपाकघराचे दोन हजार. सायकल, व्हॅक्यूम क्लीनर, चादरी, पुस्तकं यांचे दीड हजार. झाले सोळा हजार, आणि यात दागिने धरलेलेच नाहीत. तुमच्या घरात आकडा कमी-जास्त होईल. पण दहा हजारांची पॉलिसी अपुरी आहे हे त्यांनाच दिसेल. वीस ते पंचवीस हजार ठेवा. सामानाची रक्कम दहावरून वीस हजार केली म्हणून प्रीमियम दुप्पट होत नाही, थोडाच वाढतो. तो व्हिडिओ पुसू मात्र नका. क्लेमच्या वेळी यादी तुम्हालाच द्यावी लागते, आणि घर जळाल्यावर कपाटात काय काय होतं ते कुणालाच नीट आठवत नाही. नोकरीचा लॅपटॉप कंपनीचा असेल तर यादीत धरू नका, त्याबद्दल ऑफिसला विचारा.

जुन्या आणि नव्या किमतीतला फरक उदाहरणानेच समजतो. तीन वर्षांपूर्वी बाराशेला घेतलेला लॅपटॉप चोरीला गेला, आणि घसारा वजा करून कंपनीने त्याची आजची किंमत चारशे ठरवली. डिडक्टिबल हजाराचं असेल तर तुमच्या हाती शून्य येतं. तसाच नवा लॅपटॉप आजही बाराशेलाच मिळत असेल, पॉलिसी नव्या किमतीची आणि डिडक्टिबल पाचशेचं असेल, तर सातशे मिळतात. फक्त ते एकदम हातात पडत नाहीत. आधी जुन्या किमतीतून डिडक्टिबल वजा करून जे उरेल ते देतात (या उदाहरणात काहीच उरत नाही) आणि बाकीचे नवी वस्तू घेतल्याची पावती दाखवल्यावर. लॅपटॉप जाऊ द्या, अख्खं घर जळालं असं धरा. सोळा हजारांच्या जुन्या सामानाचे घसाऱ्यानंतर सहा-सात हजारच उरू शकतात. म्हणून जुन्या किमतीची पॉलिसी मी कुणालाच सुचवत नाही. नव्या किमतीसाठी महिन्याला एक-दोन डॉलर जास्त लागतात, तेवढे द्या.

डिडक्टिबलवर जास्त डोकं चालवू नका. पाचशेऐवजी हजार केल्याने समजा वर्षाला चोवीस डॉलर वाचले, तर वाढवून घेतलेली पाचशेची जोखीम भरून निघायला वीस वर्षं लागतील. पण अडीचशेपर्यंत खाली जाण्याचीही गरज नाही, कारण इतके छोटे क्लेम करूच नयेत. केलेला प्रत्येक क्लेम त्या सात वर्षांच्या अहवालात जाऊन बसतो.

लायबिलिटी हा या पॉलिसीचा सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि लोक सगळ्यात कमी लक्ष त्याच्याकडेच देतात. तुमच्या सगळ्या सामानाची किंमत सोळा हजार, पण तुमच्या हातून दुसऱ्याचं होणारं नुकसान सोळा हजारांवर थांबत नाही. तळणीच्या कढईतलं तेल पेटलं, ज्वाळा वरच्या कपाटापर्यंत गेल्या, स्प्रिंकलर सुटले आणि खालचे दोन मजले भिजले. मालकाची विमा कंपनी मालकाला पैसे देईल आणि मग ते वसूल करायला तुमच्याकडे वळू शकेल. किती वसूल करता येतं ते राज्याचे कायदे आणि तुमची लीज यांवर अवलंबून असतं. भिजलेल्या शेजाऱ्यांचे दावे वेगळेच. लायबिलिटी असेल तर कंपनी तुमच्या बाजूने वकीलही देते. एक लाख ही लीझिंग ऑफिसची किमान अट आहे, तुमची गरज नव्हे. एकावरून तीन लाखांवर जायला महिन्याला एक-दोन डॉलरच जास्त पडतात. एकोणीस डॉलरमधला कुठलाही आकडा कमी केलात तरी हा करू नका.

पॉलिसीत आणखी एक भाग असतो. आगीमुळे किंवा फुटलेल्या पाइपमुळे घर सोडावं लागलं, तर दुसरीकडे राहण्याचा जो जादा खर्च होतो तो मिळतो. त्याची मर्यादा बऱ्याचदा सामानाच्या रकमेच्या तीस टक्के धरतात, म्हणजे पंचवीस हजारांवर साडेसात हजार. न्यू जर्सीतल्या हॉटेलात महिनाभर राहायचं तर हे पैसे भराभर संपतात. दहा हजारांची पॉलिसी नको म्हणते त्याचं हे दुसरं कारण.

आता दागिने. इथे जरा थांबू या, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात खरी काळजी हीच आहे आणि विम्याच्या कागदात सगळ्यात मोठी फटही इथेच आहे. सामानाला पंचवीस हजारांचं संरक्षण असलं तरी चोरीला गेलेल्या दागिन्यांना वेगळी, छोटी मर्यादा असते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या नमुना पॉलिसीत ती १,५०० डॉलर आहे. काही कंपन्या थोडं कमी-जास्त करतात. ही मर्यादा एका दागिन्याची नाही, एका चोरीतल्या सगळ्या दागिन्यांची मिळून आहे. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, ठुशी सगळं एकाच डब्यातून गेलं तरी १,५००. आणि तो डबा तुम्हीच कुठे विसरलात, किंवा कानातलं पडलं, तर काहीच नाही, कारण रेंटर्स पॉलिसी फक्त नाव घेऊन लिहिलेल्या संकटांची भरपाई देते, आणि हरवणं त्या यादीत नसतं. रोख पैशांचंही तेच. त्यांची मर्यादा बऱ्याच पॉलिसींत दोनशे डॉलरवर संपते.

यावर उपाय आहे. प्रत्येक दागिना त्याच्या किमतीसह पॉलिसीत स्वतंत्र लिहून घेता येतो. तसा लिहिला की चोरी तर धरली जातेच, शिवाय तो हरवला तरी बहुतेक वेळा पैसे मिळतात आणि डिडक्टिबलही सहसा लागत नाही. खर्च साधारणपणे दागिन्याच्या किमतीच्या एक ते दोन टक्के, दरवर्षी. पंधरा हजारांचे दागिने लिहिले तर वर्षाला दीडशे ते तीनशे डॉलर. म्हणजे मूळ पॉलिसीइतकाच हा खर्च होऊ शकतो, कधी जास्तही. विम्याचा खर्च किती धरावा असं तुम्ही विचारलंत ना? तुमच्या घरात त्याचं उत्तर सोफ्यावर नाही, दागिन्यांच्या डब्यावर ठरणार आहे.

म्हणून माझा सल्ला असा : जे रोज किंवा महिन्यातून दोन-चारदा अंगावर येतं तेवढंच पॉलिसीत लिहा. बाकीचं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, नाहीतर पुढच्या भारतवारीत आईकडे ठेवून या. परत आणताना-नेताना कस्टम्सचे नियम त्या वेळी बघून घ्या. लॉकरमधल्या वस्तूंना ठेवींसारखं एफडीआयसीचं (बँक ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेचं) संरक्षण नसतं, हेही लक्षात असू द्या. पण जे कायम लॉकरमध्येच राहतं त्याचा वेगळा विमा काही कंपन्या कमी दराने देतात, तो विचारून बघा. दागिना लिहून घेताना कंपनी पावती किंवा अप्रेझल (तज्ज्ञाने लिहून दिलेली किंमत) मागेल. सराफाच्या पावतीवर वजन, कॅरेट आणि घडणावळ असेल तर काम सोपं होतं. सासूबाईंनी दिलेल्या दागिन्याची पावती कुठून असणार! तो इथल्या अप्रेझरकडून लिहून घ्यावा लागेल. सोन्याचा भाव वाढतो तशी ही किंमत जुनी होते, तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी ती नवी करून घ्या.

सासू-सासऱ्यांचं उत्तर थोडक्यात देते : नाही, हा आरोग्य विमा नाही. पाहुण्याला घरात दुखापत झाली तर डॉक्टरचं बिल भरणारा एक भाग रेंटर्स पॉलिसीत असतो, पण त्याची रक्कम बहुधा हजार ते पाच हजार डॉलर, आणि ज्यांच्यासाठी असते त्यात घरात राहणारी माणसं येत नाहीत. सहा महिने मुक्कामाला आलेले आई-वडील पाहुणे की घरातले, यावर कंपनीशी वाद घालत बसण्याची वेळच येऊ देऊ नका. अमेरिकेतल्या इस्पितळाच्या एका रात्रीपुढे पाच हजार काहीच नाहीत. त्यांच्यासाठी प्रवासी आरोग्य विमा वेगळा घ्या, विमानात बसण्याआधी, आणि आधीपासूनच्या रक्तदाब-मधुमेहाबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचून. त्यांच्या बॅगांची मात्र तुम्ही विचारलं नसलं तरी सांगते : पाहुण्यांच्या सामानाला तुमच्या विनंतीवरून संरक्षण देता येईल अशी सोय अनेक पॉलिसींत असते. एजंटला विचारा.

तुम्ही पुराचं काही लिहिलं नाहीत, पण न्यू जर्सीत राहता म्हणून विषय काढते. वरच्या मजल्यावरचा पाइप अचानक फुटून आलेलं पाणी रेंटर्स पॉलिसीत धरलं जातं. बाहेरून जमिनीवरून शिरलेलं पाणी धरलं जात नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या शेवटच्या पावसाने न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमधली कितीतरी खालच्या मजल्यावरची घरं बुडाली, आणि साध्या रेंटर्स पॉलिसीचा तिथे उपयोग नव्हता. तुमचं घर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असेल तर ही काळजी सोडून द्या. तळमजल्यावर असेल तर सरकारी पूर विमा योजनेत भाडेकरूला फक्त सामानाचा विमा काढता येतो, एक लाख डॉलरपर्यंत. घेतल्यावर तो लागू व्हायला सहसा तीस दिवस जातात, म्हणून वादळाची बातमी ऐकून धावाधाव करण्यात अर्थ नसतो. २०२४ पासून न्यू जर्सीत पुराच्या धोक्याबद्दल घरमालकाने भाडेकरूला लेखी कळवावं असा कायदा आहे. तुमच्या लीजसोबतच्या कागदांत ते पान शोधा.

तर तुमचा हिशेब. एकोणीस डॉलरची पॉलिसी मी वर वर्णन केली तशीच निघाली, तर वर्षाचे २२८. नेहमी अंगावर असणारे सहा हजारांचे दागिने लिहिले तर आणखी ६० ते १२०. म्हणजे वर्षाला साधारण २९० ते ३५०, महिन्याला चोवीस ते एकोणतीस. यातून थोडं खाली यायला जागा आहे. वर्षाचे पैसे एकदम भरले तर बऱ्याच कंपन्या सूट देतात. गाडी घ्याल तेव्हा तिचा आणि घराचा विमा एकाच कंपनीकडे ठेवून बघा. कधी कधी गाडीच्या प्रीमियममध्ये इतकी सवलत मिळते की रेंटर्स जवळजवळ फुकट पडतो. पॉलिसी दोघांच्याही नावावर घ्या. पुढे एखादा मित्र भाडं वाटून राहायला आला तर तो तुमच्या पॉलिसीत आपोआप येत नाही, त्याला त्याची वेगळी घ्यायला सांगा.

पॉलिसी घेताना कॉम्प्लेक्सचं नाव ‘इंटरेस्टेड पार्टी’ म्हणून टाका, म्हणजे पॉलिसी सुरू किंवा बंद झाल्याची सूचना त्यांना परस्पर जाते. त्यांना तुमच्या विम्यात वाटेकरी करून घेऊ नका. लीजमध्ये तसं स्पष्ट मागितलं असेल तर आधी कंपनीला विचारा. सुरुवातीची तारीख किल्ली मिळण्याच्या दिवसाची ठेवा आणि डिक्लरेशन पेज (पॉलिसीचा गोषवारा असलेलं पान) लीझिंग ऑफिसला ईमेलने पाठवा. पहिल्या महिन्याचं भाड्याचं बिल आलं की ओळन् ओळ वाचा. पुरावा वेळेत नोंदवला गेला नाही तर काही कॉम्प्लेक्स भाडेकरूला न विचारता आपल्या योजनेत टाकून मोकळे होतात. ते चौदा डॉलर बिलात दिसले, तर तेच पान पुन्हा पाठवा आणि रक्कम परत करायला सांगा.